झाकणाचा आवाज

झाकण फिरलं, पण आवाज झाला नाही. झालं ते एवढंच. बाराव्या किलोमीटरला, तलावाची भिंत संपते आणि पायाखाली डांबराऐवजी सिमेंट लागतं त्या वळणावर, दादाने नेहमीसारखी बाटली त्याच्या उजव्या हातात दिली. त्याने नेहमीसारखी अंगठा आणि दोन बोटं झाकणावर आवळली. नव्या बाटलीचं झाकण पहिल्यांदा उघडताना खालची कडी मोडते आणि कट्ट असा एक बारीक आवाज होतो. तो त्याला कानाला कळायचा तसा बोटांनाही कळायचा. आज ते झालंच नाही. झाकण लोण्यात बोट फिरावं तसं फिरलं आणि हातात आलं. "मीच सैल करून ठेवलं," दादा शेजारून म्हणाला, "तुझे हात घामेजतात ना." आता गंमत अशी की त्याने काही विचारलंच नव्हतं. त्याने नुसता अर्धा क्षण हात थांबवला होता, आणि विचारण्याआधीच उत्तर हजर झालं होतं. त्याने दोन घोट घेतले, पळता पळता तिसरा घेतला, आणि त्याच्या मनात पाल चुकचुकली. पेय पातळ लागत होतं. गोड होतं, खारट होतं, लिंबाचा तो खोटा वासही होता, पण सगळं लांबून ऐकू आल्यासारखं. त्याने उरलेलं प्यायलं नाही. बाटली दादाला परत न देता चड्डीच्या मागच्या खिशात कोंबली. दादाने विचारलं, राहू दे का माझ्याकडे? तो म्हणाला, नको, घरी गेल्यावर पिईन. दोघांच्या हातांमध्ये बुटाच्या जुन्या नाडीची वीतभर दोरी होती, तिला दोन टोकांना फासे, एक दादाच्या बोटांत, एक त्याच्या. अकरा वर्षं ते असेच पळत होते. तो नऊ वर्षांचा असताना तापात त्याचे डोळे गेले होते, आणि त्यानंतर जगातला निम्मा मजकूर त्याला दादाच्या तोंडून कळत आला होता.

जिभेवर एकदम विश्वास टाकणाऱ्यातला तो नव्हता. पळतानाची जीभ वेगळी आणि घरात बसलेली जीभ वेगळी, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. स्वयंपाकघरात उभं राहून हेच पेय चाखलं तर खारट लागतं, तोंड वाकडं होतं, आणि घामाने शर्ट अंगाला चिकटलेला असला की तेच अमृत होतं. नवखे लोक दुकानात उभ्या उभ्या चाखून सगळ्यात चवदार बाटली घेतात आणि विसाव्या किलोमीटरला रस्त्याच्या कडेला ओकतात. त्याचं आणि दादाचं हे पेय ठरायला आठ महिने लागले होते. निळ्या रंगाचं एक होतं, म्हणजे दादा निळं म्हणायचा म्हणून निळं, ते पोटात डुचमळायचं, पळताना पोटाला आतून कोणी थापट्या मारतंय असं वाटायचं. एक इतकं गोड होतं की प्यायल्यावर तहान वाढायची. एक घट्ट चाटण होतं, ते घशाखाली उतरवायला वेगळं पाणी लागायचं, आणि पाणी मिळेपर्यंत ओठ एकमेकांना चिकटायचे. मग हे लिंबाचं सापडलं. ते पोटात गेलं की गेलं, मागे बोलत नाही. पहिल्या तासात नुसतं पाणी, मग बाराव्या, चोविसाव्या आणि तिसाव्या किलोमीटरला हे, असं वेळापत्रक दादाने बसवलं. आधी पूड आणून दादाच घरी मापाने मिसळायचा. पण गेल्या वर्षीच्या शर्यतीत चौतिसाव्या किलोमीटरला त्याचे पाय अचानक लाकडाचे झाले. सव्वातीन तासांच्या आत पोहोचला असता तर मोठ्या स्पर्धेच्या चमूत जागा मिळणार होती. तो सहा मिनिटं उशिरा पोहोचला. त्यानंतर त्याने हट्ट धरला, की आता पूड नको, माप चुकतं, तयार बंद बाटल्याच घ्यायच्या. दादाने आधी पुडीचा डबा घट्ट लावला. मग म्हणाला, बरं. यंदाची शर्यत आता तीन रविवारांवर आली होती, वय त्रेचाळीस झालं होतं, आणि पुढच्या वर्षी आपण याहून वेगात पळू असं मानायला तो काही खुळा नव्हता.

संशय घ्यायचाच त्याला पगार मिळायचा, ही एक गोष्ट सांगायला हवी. पंख्यांच्या कारखान्यात अगदी शेवटच्या टेबलावर तो बसायचा. फिरती मोटर समोर येई. तो लाकडी कांडीचं एक टोक मोटरच्या पोटाला आणि दुसरं कानामागच्या हाडाला लावी, आणि सात-आठ सेकंदांत मान हलवी. डावीकडे मान म्हणजे पास, उजवीकडे म्हणजे परत. डोळसांना दिसत नाही ते याला ऐकू येतं म्हणून कारखान्यात त्याला कानसेन म्हणत, आणि ज्यांची मोटर परत जाई ते आणखीही काही म्हणत. तिथे एक नियम होता. चाळीस मोटरी झाल्या की उठायचं, गादीच्या भिंती असलेल्या एका खोलीत जायचं आणि तिथे ठेवलेली नमुना मोटर मिनिटभर ऐकायची. ती वर्षानुवर्षं तीच, निर्दोष, वेगळी सांभाळून ठेवलेली. याला ते लोक कान धुणं म्हणत. जुन्या फोरमनने पहिल्याच दिवशी त्याला समजावलं होतं, की खराब आवाज एकदा ऐकला तर खराब वाटतो, चाळीस वेळा ऐकला की चांगला वाटायला लागतो. म्हणून मध्ये मध्ये खरा आवाज कानात घालायचा. हे त्याने एकोणीस वर्षं इमानेइतबारे पाळलं होतं. फक्त कारखान्यात पाळलं होतं, घरी नाही, हे त्याच्या लक्षात यायला अजून तीन दिवस होते.

सोमवारी त्याने कारखान्याशेजारच्या दुकानातून त्याच पेयाची एक नवी बाटली घेतली. कडी मोडली, कट्ट झालं, जिवाला जरा बरं वाटलं. मग जेवणाच्या सुट्टीत पंख्याची दोन पत्र्याची झाकणं शेजारी शेजारी ठेवून एकावर या बाटलीतलं चमचाभर ओतलं आणि दुसऱ्यावर रविवारच्या बाटलीतलं. वर चाचणीचा पंखा सोडला. जेवणाचा डबा त्याने उघडलाच नाही. पंख्याच्या वाऱ्यात दोन्ही सुकायला पाऊण तास लागला, आणि त्या पाऊण तासात त्याला मनातून असं फार वाटत होतं, की दोन्ही सारखीच निघावीत आणि आपण मूर्ख ठरावं. मूर्ख ठरण्यासारखं सुख नाही, हे त्या दिवशी त्याला पहिल्यांदा कळलं. पहिल्या पत्र्यावर बोट टेकवलं तर ते गोंदावर टेकल्यासारखं चिकटलं, उचलताना कातडी ओढली गेली. दुसऱ्यावर टेकवलं तर जरासं खरखरीत, बस. त्याने झाकणांच्या जागा बदलून पाहिल्या, डाव्या हाताने पाहिलं, बोट धुऊन पाहिलं. बोटांना दादाचं कौतुक नव्हतं, त्यामुळे ती दर वेळी तेच सांगत राहिली. बाटलीत निम्मं पाणी होतं.

मग तो माणसं मोजायला लागला. दुकानदार? पण दुकानदाराची बाटली तर चिकटली होती. वहिनी? वहिनीला साखरेचं भारी वावडं. सरबतं पीत पळायचं, त्यापेक्षा घरी बसून पाणी प्यावं, असं तिचं मत होतं, आणि ते तिने कधी पोटात ठेवलं नव्हतं. तिने दिराच्या तब्येतीसाठी गुपचूप पाणी घातलं असेल, हे अगदी शक्य होतं. हे शक्य आहे असं वाटताच त्याला एवढा सुटल्यासारखा श्वास आला की त्याची त्यालाच लाज वाटली. कारण वहिनी नसेल तर उरत होता एकच माणूस. आणि त्याच्यापाशी विचार आला की मन आपोआप बाजूला वळायचं, रस्त्यात खड्डा असावा तसं. तरी आठवायचं ते आठवलंच. डोळे गेल्यानंतरच्या पहिल्या वर्षी दादा त्याला शाळेत पोहोचवायचा आणि मध्येच "डबकं!" म्हणायचा, की हा दोन्ही पायांनी उडी मारायचा. पोरं हसायची. त्याला वाटायचं, आपली उडी चांगली पडली म्हणून हसतात. कितीतरी दिवसांनी त्याच्या लक्षात आलं की दादाचे पायही कधी पाण्यात वाजत नाहीत. रस्ता कोरडा ठणठणीत असायचा. दादा तेव्हा सतरा वर्षांचा होता, दीड हजार मीटरमध्ये शाळेत पहिला यायचा, आणि धाकट्याला पोहोचवायचं म्हणून त्याची सकाळची तालीम बंद पडली होती. म्हणजे त्या डबक्यांत थोडा राग असणारच. पण तेव्हापासून तो पुढे पाऊल टाकण्याआधी बुटाच्या टोकाने जमीन चाचपायला लागला, तो आजतागायत. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. आणि आता पेयातच पाणी. आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं, ही म्हण त्याच्या मनात आली तेव्हा दादाला आपण काय म्हणून बसलो याने तो स्वतःच दचकला.

मंगळवारी संध्याकाळी तो घरी आला तेव्हा दादा छापखान्यातून यायचा होता. दादा तिथे कागद कापायच्या यंत्रावर होता, तीस वर्षं. त्याच्या कपड्यांना, केसांना, उशीला कागदाच्या भुग्याचा कोरडा वास यायचा. वहिनीने त्याच्या हातात गार पेला ठेवला. घ्या भाऊजी, म्हणाली, उन्हातून आलात. त्याने ओठाला लावला आणि लिंबाचा तो खोटा वास त्याच्या नाकात गेला. अंगावर घाम नव्हता, म्हणून ते खारट लागलं, पुरं खारट, पुरं गोड, काही म्हणता काही कमी नव्हतं. हे कुठून आलं, त्याने शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं. वहिनीच्या मनात काही नव्हतं, तिने भांडी लावता लावता सांगून टाकलं: "तुमच्या दादांनी शनिवारी बाटलीतून निम्मं काढून ठेवलं. उरलं म्हणतात. मी काय ओतून देऊ?" मग ती दुसरंच बोलायला लागली, की हल्ली ते दोन उशा घेऊन झोपतात, एका उशीवर म्हणे दम कोंडतो, आणि डॉक्टरकडे चला म्हटलं तर अंगावर येतात. तो दुसरं ऐकत होता, पण त्याच्या डोक्यात शिरलं ते पहिलं. उरलं म्हणतात! न उघडलेल्या बाटलीत काय उरतं? त्याने पेला संपवला, कारण अर्धवट ठेवला असता तर वहिनीने कारण विचारलं असतं. खोलीत जाऊन तो पलंगावर बसला आणि हिशेब जुळवत राहिला. दादाला आपण जिंकायला नको आहोत. का नको? जन्मभर ज्याला हाताला धरून नेलं, तो पुढे गेलेला बघवत नाही म्हणून? की आपल्यामुळे सुटलेली ती दीड हजार मीटरची शर्यत चौतीस वर्षं आत कुठेतरी आंबत राहिली? त्याला वाईट वाटत होतं आणि रागही येत होता, आणि खरं सांगायचं तर रागात थोडी मजाही होती. कारण दादावर रागवायची उभ्या आयुष्यात त्याला सोय नव्हती. ज्याच्या हातात आपला हात असतो त्याच्यावर माणूस मनातल्या मनातही बेतानेच रागावतो.

पण या न्यायाधीशाचंही एक प्रकरण होतं, आणि ते बुधवारी असायचं. तीन महिन्यांपूर्वी त्याची दाढ दुखायला लागली तेव्हा कारखान्याजवळच्या दंतवैद्य बाईंकडे तो गेला. बाईंनी तोंडात आरसा घातला आणि विचारलं, दिवसभर काय चघळता? त्याने पेयाचं सांगितलं. बाई हसल्या. ही पेयं म्हणजे आमच्या धंद्याची फुकट जाहिरात, म्हणाल्या, साखर ती साखर आणि वर आंबट, दातांवरचं कवच विरघळायला आणखी काय लागतं. तासाच्या आतलं पळणं असेल तर नुसतं पाणी पुष्कळ झालं, लांब पळणार असाल तेव्हाच हे प्या, आणि प्यायल्यावर पाण्याने चूळ भरा. एवढं सांगून त्यांनी दाढ भरली आणि सहज म्हणाल्या, मीही पळते. पुढच्या बुधवारी पाळी सुटल्यावर मैदानावर तो त्यांच्याबरोबर पळाला. दोरी त्याचीच होती, तीच नाडी. घरी सांगितलं, बुधवारी जादा काम असतं. दादाला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती. खरी गोष्ट अशी होती, की बाईंबरोबर पळताना दोरी त्याला जाणवायचीच नाही. ती आहे की नाही हे विसरायला व्हायचं. ते त्याला आवडत होतं, आणि ते आवडतंय हे त्याला कबूल करायचं नव्हतं.

या बुधवारीही ते पळाले. त्याचं लक्ष नव्हतं, तो आपला संशय चघळत होता. आठव्या फेरीला बाई जवळून जाणाऱ्या कुणाला तरी हाक मारण्यासाठी थांबल्या नाहीत, नुसत्या पळता पळता बोलल्या, पूर्ण दोन वाक्यं, आणि त्यांचा श्वास पुन्हा जागेवर येऊन बसला. आत, बाहेर, आत, बाहेर. कुठे घासत नव्हता, कुठे अडखळत नव्हता. त्याच्या मनाने एकदम कांडी कानाला लावली. हा नमुना आहे, त्याला वाटलं. असा असतो तर. आणि मग, आपण काही आठवतोय हे कळायच्या आधीच, त्याला रविवारचा दादाचा श्वास ऐकू आला. बाहेर सोडताना शेवटी एक बारीक शीळ. मग थांबून, घाईने घेतलेला पुढचा. डावा पाय जमिनीवर पडताना घसटणारा. आणि दोरी! दोरी हल्ली पुढे ओढत नव्हती, मागे ओढत होती. किती दिवसांपासून? रोज ऐकून ऐकून तो आवाज त्याला चांगला वाटायला लागला होता. ही मोटर कारखान्यात टेबलावर आली असती तर त्याने तीन सेकंदांत उजवीकडे मान हलवली असती. "काय झालं? दाढ?" बाईंनी विचारलं. तो म्हणाला, नाही, कान.

आता त्याला सगळं कळलं होतं, असं म्हणायला हरकत नाही. पण कळणं वेगळं आणि संशय जाणं वेगळं. गुरुवार, शुक्रवार, शनिवार तो दादाचं ऐकत राहिला, जेवताना, जिना चढताना, भिंतीपलीकडून. दादा जिन्यावर मध्ये थांबायचा आणि बुटाची नाडी बांधायचा. तीन मजल्यांत दोनदा नाडी सुटणारा माणूस त्याने आजवर पाहिला नव्हता. शनिवारी संध्याकाळी स्वयंपाकघरातून त्याला स्वच्छ ऐकू आलं: कट्ट. मग ओतल्याचा आवाज, मग नळ. तो खोलीत उभा होता, दारापासून चार पावलांवर. आत जाऊन म्हणू शकला असता, दादा, काय करतोस? गेला नाही. भीती वाटली. दादा खोटं बोलेल याची भीती नव्हती, खरं बोलेल याची होती.

रविवारी ते निघाले. शर्यतीआधीचं हे शेवटचं लांब पळणं होतं. हवा गार होती, रस्त्यावर कुणी नव्हतं. दादा नेहमीसारखं सांगत होता, उतार, उंचवटा, डावीकडे सायकल, आणि प्रत्येक शब्दानंतर ती शीळ. सातव्या किलोमीटरनंतर दादा सांगायचा बंद झाला, फक्त दोरीने सांगायला लागला. बारावा आला. भिंत संपली, सिमेंट लागलं, हातात बाटली आली. झाकण मुकाट फिरलं. त्याने एकच घोट घेतला आणि तो थांबला. लांब पळताना तो कधी थांबत नसे, त्यामुळे दादा दोन पावलं पुढे गेला आणि दोरीने मागे खेचला गेला. त्याने बाटली दादाच्या छातीला टेकवली.

"तू पी," तो म्हणाला.

"मला कशाला? मी पुढे नळावर पितो."

"अर्धी तू पी, दादा."

अकरा वर्षांत दादाने त्याच्या बाटलीला कधी तोंड लावलं नव्हतं. बाटली वजनाने हलकी झाल्याचं त्याला कळलं, कारण दादाने ती त्याच्या हातातून काढून घेतली नव्हती, त्याच्या हातासकट उचलली होती. दोन घोट गेले. घशाचा आवाज झाला. मग पुन्हा शीळ.

"पाणचट आहे," दादा म्हणाला.

ते दोघं तलावाच्या भिंतीवर बसले. कधीपासून, त्याने विचारलं. दादा म्हणाला, बंद बाटलीत गेल्या रविवारपासून. म्हणजे त्याआधी कधीच नाही? "शर्यतीतही," दादा मग म्हणाला. "शेवटची बाटली. घरूनच तशी करून नेली होती. मग तू बंद बाटल्या आणायला लावल्यास, तेव्हा थांबलो होतो." त्याला चौतिसावा किलोमीटर आठवला, लाकडाचे झालेले पाय, आणि त्यानंतरचं अख्खं वर्ष. त्या वर्षभर त्याने स्वतःच्या पायांचा द्वेष केला होता. रोज सकाळी त्यांना शिक्षा दिल्यासारखे व्यायाम केले होते. ते पाय बिचारे निर्दोष होते. दादाला दोन थोबाडीत द्याव्यात असं त्याला वाटलं, आणि थोबाड नक्की कुठे आहे हे त्याला श्वासावरून अचूक कळत होतं. हात उचलला मात्र गेला नाही.

दादा मग थांबत थांबत बोलला. दोन वर्षांपासून छाती धरत होती. तिसाव्या किलोमीटरनंतर तर आत भुगा भरल्यासारखं व्हायचं. हा मात्र दर वर्षी वेगात येत होता. "मला एकच चित्र दिसायचं रे," दादा म्हणाला. "माझ्या हातातून दोरी सुटली आहे, आणि एवढ्या गर्दीत भर रस्त्यात तू एक टोक धरून उभा आहेस. पोरं हसतायत. म्हणून म्हटलं, तूच थोडा दमलास तर दोघंही बरोबर पोहोचू." सांगायचं होतंस, तो म्हणाला, मला सांगायचं होतंस. दादा हसल्यासारखा खोकला. "काय सांगायचं? मला जमत नाही म्हणून? दुसरं काय जमत होतं मला?" आणि मग, इतक्या हळू की दुसऱ्या कुणाला ऐकू आलं नसतं, "तू तरी कुठे सांगितलंस? बुधवार झाला की दोरीला लवंगेचा वास येतो. दातांच्या डॉक्टरांच्या हाताला येतो तो."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण या चोराच्या मनात आठवडाभर दुसऱ्याच्याच चोरीचं चांदणं पडलं होतं. त्याने दोरी नाकाशी नेली. घामाचा, मातीचा, कागदाचा वास होता, आणि अगदी खाली, नाडीच्या विणीत बसलेला, लवंगेच्या तेलाचा. स्वतःच्या कानाचा एवढा तोरा मिरवणाऱ्या माणसाला नाक आहे हे तीन महिने सुचलं नव्हतं. तीन महिने दादा दर रविवारी हा वास हातात धरून पळत होता आणि एक शब्द बोलला नव्हता. त्याला फार लाज वाटली. राग गेला होता असं नाही, राग होताच, शेजारी बसला होता. पण लाज त्याच्याहून मोठी होती. ते तिथून पळाले नाहीत, चालत घरी आले. बारा किलोमीटर. वाटेत दादा न थांबता बोलत होता, वहीतलं सगळं दुसऱ्या वहीत उतरवून द्यावं तसा. बाईंना सांग, तू उजव्या वळणावर बाहेर फेकला जातोस, तिथे दोरी आखूड धरायची. बाराव्याला पाव, चोविसाव्याला अर्धी, तिसाव्याला नवी अख्खी, आणि मध्ये मागितलीस तरी द्यायची नाही, तू मागतोस ते तहान म्हणून नाही, कंटाळा म्हणून. पोटात कळ आली तर तुला बोलायला लावायचं, बोललास की जाते. शर्यतीच्या दिवशी नवीन काही तोंडाला लावायचं नाही, त्यांनी कितीही सांगितलं तरी. तिसऱ्या मजल्यावर पोहोचल्यावर दादाने बोटातला फासा काढला आणि दोरी गुंडाळून त्याच्या मुठीत दिली. मग म्हणाला, तिसाव्याच्या टेबलावर मी उभा राहीन. चालेल?

दोन आठवड्यांत वहिनीने दादाला छातीच्या डॉक्टरांकडे नेलंच, आणि दोन उशांच्या तीन झाल्या. शर्यतीच्या दिवशी तो बाईंबरोबर पळाला. पहिले वीस किलोमीटर त्याने काहीच केलं नाही, नुसता पळत राहिला, दोरी आहे की नाही हे विसरून. पंचविसाव्यानंतर पाय जड व्हायला लागले तसा जुना किडा वळवळू लागला. टेबलावर दादा असेल का? असला तर बाटलीत काय असेल? माणसाने एकदा पाणी घातलं तो दुसऱ्यांदा घालत नाही, असं कुठे लिहिलंय? आपल्याला दुसऱ्या कुणाच्या दोरीवर पुढे जाताना बघून त्याला काय वाटेल? एकोणतिसाव्यापर्यंत त्याने ठरवून टाकलं होतं, की पहिला घोट जिभेवर घोळवून बघायचा आणि पातळ लागला तर बाटली सरळ टाकून द्यायची. गर्दी वाढली. टाळ्या, शिट्ट्या, कुठेतरी भोंगा, शंभर माणसांचे शंभर आवाज. आणि त्या सगळ्या गोंगाटात उजवीकडून त्याला ती शीळ ऐकू आली, बारीक, शेवटी अडखळणारी. बाईंनी "टेबल!" म्हणायच्या आधीच त्याने हात तिकडे केला होता. बाटली बरोबर तळहातात बसली. झाकण फिरलं, आवाज झाला नाही. "उघडून ठेवली होती!" मागे पडत चाललेला दादा ओरडला, "हात घामेजतात तुझे!" त्याने बाटली ओठांना लावली, मान मागे टाकली आणि पाच-सहा घोटांत तळ गाठला.

तीन तास बारा मिनिटं लागली. नाव चमूत गेलं. शेवटच्या रेषेपलीकडे तो गवतावर आडवा पडला होता, बाई त्याच्या पोटऱ्या दाबत होत्या आणि चूळ भरा, चूळ भरा म्हणत होत्या. तेव्हा दादा आला, चालत, मध्ये दोनदा नाडी बांधून. शेजारी बसायला त्याला वेळ लागला, आणि बसल्यावर बोलायलाही.

"गोडी बरोबर होती ना?" दादाने विचारलं.

त्याने आठवून पाहिलं. ते गार होतं एवढं त्याला आठवलं, आणि हनुवटीवरून थोडं सांडलं होतं ते.

"चव बघितलीच नाही रे," तो म्हणाला.